दोन बोटं डावीकडे

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरामागे सायकलच्या चाकात हवा भरत होतो. "भावजी, मिलिंद गेला हो..." वृंदावहिनी एवढंच म्हणाल्या. ऑफिसला निघताना बूट घालता घालता त्याचं हृदय थांबलं होतं. मनात जो पहिला विचार आला तो आज सहा आठवड्यांनी लिहून टाकतो... 'आता त्याला तांदळाचं सांगायला नको.' तीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि अर्धं मिनिट मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर जे वाटायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

मिलिंद इथे नेदरलँड्समध्ये, बेस्ट नावाच्या गावात राहायचा आणि ज्या यंत्रांवर काम करायचा तिथे केसाची जाडीसुद्धा अवाढव्य समजतात. देव मोजता येत नाही म्हणून त्याचा देवावर विश्वास नव्हता. वहिनींचं देवघर स्वयंपाकघरातल्या कपाटात, दाराआड. अशा या माणसाने पन्नाशीत नेमबाजीचं वेड घेतलं. मलाही ओढून क्लबचा सभासद केलं, वर्षभर क्लबच्या बंदुकीवर हात बसवला, पोलिसांकडे परवान्याचा अर्ज केला, वरच्या खोलीत भिंतीला पोलादी कपाट ठोकलं. पोलीस येऊन ते हलवून बघून गेला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माझ्या दागिन्यांना कधी साधा डबा आणला नाहीस रे!"

बंदूक मिळाली पार उत्तरेला, ग्रोनिंगनच्या पुढे, एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे. जुनी जर्मन, एकेक गोळी भरायची, अक्रोडाच्या लाकडाची, खास निशाण्यासाठी बनवलेली. म्हाताऱ्याच्या वडिलांची होती ती. त्याने आम्हाला कॉफी आणि मोजून एकेक बिस्कीट दिलं, आणि मागची चकती दाखवली. तिच्या बारीक भोकातून निशाणा बघायचा. "वर्षातून एकदा काढून पुसा. पण नेम इकडेतिकडे सरकवणाऱ्या या दोन घुंड्या फिरवू नका. त्या वडिलांनी लावल्यात. बंदूक चुकत नाही, माणूस चुकतो." मिलिंदने गुरुमंत्र घ्यावा तशी मान डोलावली. परतताना त्याने गाडी इतकी हळू चालवली की मी म्हटलं, "अरे, वहिनींना लग्न करून आणलंस तेव्हा तर मोटरसायकल सुसाट सोडली होतीस!"
"तेव्हा मागे नाजूक काही नव्हतं," तो म्हणाला. हे मी वहिनींना त्याच संध्याकाळी सांगितलं. तेवढं एक मात्र मी लगेच सांगितलं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. घरात शस्त्र आहे आणि त्याची पूजा नाही, हे वहिनींना सहन होईना. मिलिंद म्हणे, "पूजा कर ना, मिक्सरची कर." त्या दिवशी तो जेवणाच्या टेबलावर बंदूक साफ करत होता. चकती काढून बाजूला ठेवलेली. तेवढ्यात पार्सलवाल्याने बेल वाजवली. मिलिंद नियमाचा पक्का, ज्याच्याशिवाय बंदूक उडत नाही तो बोल्ट खिशात घालून दाराकडे गेला. वहिनींनी माझ्या हातात तबक कोंबलं. "भावजी, पटकन! मी त्याला दारात बोलण्यात गुंतवते. तुमच्यावर नाही ओरडायचा तो." मी घाईघाईने हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, पावलं वाजली तसं सगळं बाहीने पुसलं. एक कुंकवाने ओला दाणा तेवढा चकती बसवायच्या खाचेत राहिला. मला तो दिसला. मी बोट पुढे केलं, तोवर मिलिंदने "हात नको लावूस" म्हणत चकती सरकवली आणि स्क्रू आवळला.

पुढच्या रविवारपासून त्याच्या गोळ्या दोन बोटं डावीकडे जायला लागल्या. क्लबातला म्हातारा योप, तिथला बंदुका दुरुस्त करणारा, दर खेपेला सांगे, "घुंडी थोडी फिरव." मिलिंद ऐकेल तर शपथ. ज्याने देव मानला नाही त्याने ती बंदूक मानली होती. बंदूक चुकत नाही, म्हणजे आपणच चुकतोय. त्याने कॉफी सोडली. शनिवारचा पेग सोडला. ज्या प्राणायामाला 'नाक शिंकरणं' म्हणायचा तो पहाटे उठून करायला लागला. वहिनी मला फोन करून म्हणायच्या, "बघा, पूजेचा गुण!" मी "हो हो" म्हणायचो. तीनदा डोळे तपासले. डोळे उत्तम निघाले, तर म्हणे डॉक्टर पोरगेलासा होता.

उन्हाळ्यात त्याने क्लबच्या संघातून नाव काढून घेतलं. "डोळा गेला रे माझा," गाडीत म्हणाला, अगदी साधेपणाने. मी म्हटलं, "मिल्या, एक सांगायचं होतं..."
"घुंडी फिरव म्हणणार असशील तर इथेच उतर."
मला उतरायला हवं होतं... किंवा बोलायला. मी काच खाली केली आणि म्हणालो, "गरम होतंय फार."

तो गेल्यावर बंदूक नियमाप्रमाणे क्लबात जमा झाली. योपने चकती काढली, आणि टेबलावर एक लालसर दाणा पडला. त्याने तो बोटावर घेऊन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्या क्लबात आता भारतीय मी एकटाच. "तांदूळ?" मी सगळं सांगितलं. तो हसला नाही. आत जाऊन मिलिंदचं शेवटचं निशाण्याचं कार्ड घेऊन आला. दहा भोकं, एकमेकांना खेटून, सगळी डावीकडे. त्याने वर एक युरोचं नाणं ठेवलं. दहाही झाकली गेली. "असा डोळा," तो म्हणाला, "या क्लबात दुसरा नाही."

कार्ड घेऊन मी वहिनींकडे गेलो आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी कार्ड उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याची कॉफी एका दाण्याने सुटली? मी वीस वर्षं घसा कोरडा केला!" आणि हसता हसता रडायला लागल्या. डोळे पुसून विचारलं, "त्याला सांगायचं होतंत ना हो, भावजी?" मी मान खाली घातली.

परवा खंडेनवमी झाली. वहिनींनी बोलावलं होतं. वरच्या खोलीतलं पोलादी कपाट सताड उघडं, आत ते एकच कार्ड उभं करून ठेवलेलं. त्यांनी माझ्या हातात तबक दिलं. मी कार्डाच्या कोपऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, आणि सवयीने हात वाटीकडे गेला.

"अक्षता नकोत," वहिनी म्हणाल्या.