निर्मलचे ते एक वर्ष

आदिलाबादच्या तहसील कचेरीबाहेर मी गेली अनेक वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यात खोट काढणारा कचेरीतला पेशकार मला अद्याप भेटावयाचा आहे. त्यामुळे मुलीने एम.ए.साठी हैदराबादेस अर्ज करावयाचे ठरवले, तेव्हा तिचे निवेदन मीच लिहिणार, हे मी गृहीत धरले होते.

कचेरीच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी आम्ही एक ठरीव वाक्य घालतो : ‘याविषयी यापूर्वी अन्यत्र अर्ज केलेला नाही.’ हात त्याच वळणाने गेला आणि मी लिहिले : ‘अर्जदाराने बी.ए.व्यतिरिक्त अन्यत्र कोठेही शिक्षण घेतलेले नाही.’

माझ्या मसुद्याचे इंग्रजी करता करता मुलगी तेथेच थांबली.

“बाबा, आन् निर्मल?”

बी.ए.पूर्वी ती निर्मल गावच्या कॉलेजात वर्षभर विज्ञान शाखेत होती. रसायनशास्त्रात नापास झाली आणि परत आली. त्या वर्षाचा उच्चार आमच्या घरात होत नसे.

“ते कोण विचारून राह्यलं?” मी म्हणालो.

“विद्यापीठवालेच विचारून राह्यले. जिथं जिथं शिकले ते सारं सांगा, अर्ध्यात सोडलं तेबी. लपवलं तर प्रवेश रद्द.”

“अर्जदारानं आपली कमजोर बाजू आपल्या हातानं मांडू नाही. कायदाच हाय तसा.”

“कोणाचा कायदा? मी नापास झाली, चोरी नाही केली. काऊन लपवू?”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “लिहू द्या न तिले. तुमचे लांबलचक अर्ज साहेब वाचत नाही, नुसते तोलते.”

वाक्य खोडले गेले. पण त्या वर्षाची गुणपत्रिकाही जोडावयाची होती, आणि ती आम्ही कधी आणलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही बसने निर्मलला गेलो. वाटभर एकच धास्ती मला कुरतडत होती : ते एक वर्ष पाहून पुढली वर्षे कोणी पाहणारच नाही.

कॉलेजच्या खिडकीत कारकुनाने तेलुगूत ‘दरखास्त’, म्हणजे लेखी अर्ज, मागितला. माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला, तोवर मुलीने दोन ओळी लिहून कागद आत सरकवलाही होता. त्यात ‘मायबाप’ नव्हते, ‘सविनय’ नव्हते. एवढ्या उघड्याबोडक्या कागदावर कोण दाद देणार, म्हणून मी कारकुनाच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्याने कागद वाचला आणि गुणपत्रिका काढून दिली. संध्याकाळी मुलीने ती जोडून अर्ज पाठवला.

तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. पक्षकार समोर बसलेला असतो आणि मी ओळ अर्धी सोडून मोबाईल पाहतो. घरात शिरताच विचारतो, “आलं का काही?”

काल ती हसली. “बाबा, तुमचे लोकबी रोज असेच खेटे घालतात न? काय सांगता तुमी त्यायले?”

कागद चालून राह्यला, घरी जाऊन निवांत बसा, असे मी त्यांना सांगतो. मी तर घरीच उभा होतो. पायांतली चप्पलही काढलेली नव्हती.