बर्नरची हवा कमी केली तेव्हा

"मॅडम, बर्नरची ज्योत पिवळी झालीया, मालावर काजळी बसायलीया," अण्णांनी फोनवर सांगितलं होतं. कागल पंचतारांकित एमआयडीसीत त्यांचं पावडर कोटिंगचं शेड आहे. रंगाची पावडर मारलेले पार्ट गॅसच्या ओव्हनमध्ये तापवतात, मग रंग पक्का बसतो. ओव्हनचे बर्नर दुरुस्त करणं हे माझं काम.

शेडमध्ये पाऊल टाकलं आणि कमरेला लावलेला, विषारी वायू टिपणारा मीटर ओरडायला लागला. ऑपरेटर तानाजी स्टुलावर डोकं धरून बसला होता, शेजारी दोन हेल्पर.

"काय झालं?"

"पित्त झालंय. ह्या दोघांचंबी डोकं चढलंय."

तिघांचं पित्त एकाच वेळी खवळत नाही. मी गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं.

अण्णा धावत आले. "अवो, आज माल जाणार हाय! बंद का केलं?"

मी उत्तर देण्याआधीच तानाजीचे पाय लटपटले. तो खाली कोसळला. अण्णांनीच त्याला उचलून गाडीत घातलं, बाकीच्या दोघांनाही बसवलं.

दवाखान्यात तिघांना ऑक्सिजन लावला. बाहेर बाकावर मी अण्णांना विचारलं, "बर्नरला हात कुणी लावला?"

"मीच. गॅस लई जातोय म्हणून हवेच्या डँपरची झडप निम्मी बंद केली. गरम हवा बाहेर जातीया म्हणून एक्झॉस्ट फॅनबी बंद. पण ज्योत पेटतीया की!"

मी सर्व्हिस पॅड काढलं. "गॅसमधल्या प्रोपेनमध्ये तीन कार्बन, आठ हायड्रोजन. पूर्ण जळलं तर तीन CO₂ आणि चार H₂O. उजवीकडचे ऑक्सिजन मोजा."

"सहा... आन् चार. धा."

"ऑक्सिजन जोडीनं येतो. म्हणजे पाच जोड्या लागल्या." मी लिहिलं:

C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O

"आता पाचापेक्षा कमी दिल्या तर? कार्बन तर तेवढेच आहेत. काहींच्या वाट्याला दोनऐवजी एकच ऑक्सिजन येतो. तो कार्बन मोनॉक्साइड. विषारी, वास नाही, रंग नाही. काहींना तोही मिळत नाही, ती तुमची काजळी."

अण्णा कागदाकडे बघत राहिले. "म्हंजे पोरांना मीच मारत होतो व्हय?"

मी तो कागद फाडून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी तानाजी उठून बसला आणि त्यानं चहा मागितला. दुसऱ्या दिवशी मी डँपर सेट केला, फॅन सुरू केला, भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला. ज्योत निळी झाली. गॅसही कमी लागू लागला, कारण आधी तो अर्धवट जळूनच वाया जात होता.

हवा फुकट मिळते. तिच्यात काटकसर करू नये.