शेवटच्या शनिवारचं रेकॉर्डिंग

आषाढातला दुसरा शनिवार, सकाळचे दहा. उपस्थित: सासूबाई, निवृत्त शिक्षिका, खाटेवर, त्यांची सून, वय एकोणपन्नास, शेजारी स्टुलावर, मी, रेकॉर्डरजवळ. पंखा बंद, कारण रेकॉर्डिंगमध्ये त्याची घरघर येते.

मोठ्या वयात माणूस दुसऱ्या भाषेचं व्याकरण कसं उचलतो, यावर आमचं काम चालू होतं. शिकवणी नाही, पुस्तक नाही; नुसत्या सहवासातून किती येतं ते वर्षभर नोंदवायचं. त्यासाठी तंजावूरमध्ये याहून योग्य घर मला मिळालं नसतं. सासूबाईंनी तीस वर्षं तमिळमधून गणित शिकवलं. मग पक्षाघात झाला आणि त्यातून सावरल्या तेव्हा तमिळ गेलं होतं. उरलं ते लहानपणचं, इथल्या मराठी घरांतलं जुन्या वळणाचं मराठी. ते समजणारा मुलगा आधीच वारला होता. सून तमिळ. पंचवीस वर्षं दोघी तमिळमध्येच बोलल्या, भांडल्या. आता सून मराठी शिकत होती, कारण दुसरा इलाज नव्हता.

नियमांचा कागद मी वहीला टाचून ठेवला होता. चूक सुधारायची नाही. अर्थ सांगायचा नाही. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही. कुणी विचारलंच, तर रेकॉर्डर बंद केल्यावर बोलायचं.

वर्णन करायचं चित्र मी सुनेपुढे केलं.

"बाई पाणी आणते," सून म्हणाली. "बाई पडते. नाही... पडली."

"चौथीतली पोरं तुझ्यापेक्षा बरी होती," सासूबाई म्हणाल्या.

"अत्तै, माझी चौथीत तुम्ही टीचर नव्हती. म्हणून."

सासूबाई हसल्या. तोंडाची एकच बाजू हसली.

मग त्या म्हणाल्या, "धाकटीला एकदा बघायचंय मला. फार दिवस नाहीत आता. गाडी करून ने." धाकटी म्हणजे त्यांची बहीण, ओरत्तनाडूला असते, अंथरुणाला खिळलेली. पहिल्याच भेटीत मी ते माहितीच्या फॉर्मवर उतरवून घेतलं होतं. त्यांची जीभ जड होती, तरी मला शब्दन् शब्द कळला.

"कॉफी पाहिजे?" सुनेने विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं.

"पाणी? उशी?"

तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज चढला. सून माझ्याकडे वळली. "मॅडम, काय म्हणतात?"

मी हाताने 'नंतर' अशी खूण केली आणि वहीत लिहिलं: विनंती, तीन वेळा, समजली नाही.

रेकॉर्डर साडेअकराला बंद केला. तोवर सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. सून कॉफी करायला आत गेली होती. बारा वाजता मला दुसऱ्या घरी पोचायचं होतं आणि ऑटोवाला खालून हॉर्न वाजवत होता. पुढच्या शनिवारी सांगू, असं ठरवून मी निघाले. तशी नोंदही वहीत आहे.

सासूबाई बुधवारी गेल्या.

तेराव्याला मी गेले. सून मला बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणाली, "त्या दिवशी काय मागत होत्या हो? मी कॉफी दिली, उशी बदलली. नंतर माझ्याशी बोलल्याच नाहीत."

"मलाही नीट ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

संमतीपत्रानुसार प्रत्येक रेकॉर्डिंगची प्रत घरच्यांना द्यायची असते. आधीच्या सगळ्या मी वेळेवर दिल्या होत्या. स्वयंपाक करताना सून त्याच लावते आणि सासूबाईंच्या पाठोपाठ त्यांची वाक्यं म्हणते. परवा भाजीबाजारात भेटली तेव्हा माझ्याशी मराठीतच बोलली. अडखळत बोलली, पण मी बोललेलं सगळं तिला कळत होतं. पूर्वी मी मुद्दाम सोपं बोलत असे. त्या दिवशी तसं बोलले नाही, तरी तिने एकदाही पुन्हा विचारलं नाही.

"एकच राहिलं, मॅडम," ती म्हणाली. "शेवटचं. कधी देता?"

"या आठवड्यात," मी म्हणाले.

धाकटी अजून हयात आहे, एवढं मी चौकशी करून ठेवलं आहे. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घातलं आहे, पाकिटावर सुनेचा पत्ता लिहून झाला आहे. पाकीट पोचवायचं राहिलं आहे.