चपला खाली काढायच्या

बाबा गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक माणूस आमच्या ट्रकचा एक तरी किस्सा सांगून गेला. तेराव्यापर्यंत इतके जमले, की हसण्याच्या नादात आईचं रडायचं राहूनच गेलं. वर्ष झालं, ती अजून रडलेली नाही. मला त्याचीच काळजी होती.

*

ट्रक माझ्याहून वयाने मोठा. गोल नाकाचा, लाकडी बॉडीचा. बाबा त्यातून साताऱ्याहून कांदे-बटाटे वाशी मार्केटला आणायचे. त्यांचा नियम एकच होता. केबिनमध्ये चपला घालून चढायचं नाही. व्यापारी असो की पोलीस, सगळ्यांना एकच प्रश्न: "घरात जाता का चपला घालून?"

*

खाली काढलेल्या चपला उचलून वर घ्यायच्या असतात. बाबा नेमकं तेवढंच विसरायचे. चहा प्यायचा, चपला काढायच्या, चढायचं, गाडी सुरू. पुढच्या थांब्यावर तापल्या डांबरावर पाय टेकला की आठवण यायची. मग मागे फिरायचं. आई म्हणायची, "पाय भाजल्याबिगार तुझ्या बापाला काय आठवत न्हाई."

*

लग्नानंतर आई कोपरखैरण्याला आली तीसुद्धा याच ट्रकमधून. चपला नव्याकोऱ्या. बाबांनी नियमाप्रमाणे काढायला लावल्या आणि दोघांच्याही खंडाळ्यातच राहिल्या. तेव्हा रात्र होती, त्यामुळे पाय काही भाजले नाहीत. नवी नवरी अनवाणी उतरलेली बघून शेजारणींना वाटलं, काहीतरी नवस असणार. आईनेही मग तसंच सांगून टाकलं.

*

कॉलेजात असताना मी एकदा मुद्दाम बूट घालून चढलो. मित्र बघत होते. बाबांनी फडकं घेतलं, वाकले, आणि माझ्या बुटांभोवतीची जागा पुसून काढली. मग गाडी सुरू केली. वाशी येईपर्यंत मी पाय कुठे ठेवू, हेच मला कळेना. त्याची लाज अजून वाटते.

*

परवा ट्रक भंगारात दिला. आता आम्ही राहतो त्या कामोठ्याच्या सोसायटीत ठेवायला जागा नाही, तुर्भ्याला नुसता गंजत पडला होता. मी आईला म्हटलं, तू येऊ नकोस. ती माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली.

न्यायला आलेला ड्रायव्हर बूट घालूनच पायरीवर चढला. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, बूट खाली काढा."

"भंगारात चाललीय ना गाडी?"

"तरी पण काढा."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. खाली उतरून बूट काढले. नवी बॅटरी लावली होती, ट्रक तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाला. दुपारच्या उन्हात हळूहळू जाऊन कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला.

मी भीत भीत आईकडे वळलो. ती खाली बघत होती. ट्रक उभा होता तिथे तेलाचा डाग होता, आणि डागाशेजारी बुटांची जोडी.

मी घाईने मोबाईल काढला. आईने माझा हात धरला. दुसऱ्या हाताने बूट उचलून भिंतीच्या सावलीत नीट ठेवले, त्यांच्या शेजारी बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

"फोन नको करू," मग म्हणाली. "पाय भाजलं की यील."