धुऊन काढलेली वस्ती

काकू माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. आमच्या संघटनेचे प्रमुख, ज्यांना आम्ही भाईसाहब म्हणतो, पहिल्यांदा काकूंच्या घरी आले तेव्हा काकूंनी त्यांना दारातच थोपवलं आणि तांब्या पुढे केला. "क्रांती बसून करायची ना? मग आधी पाय धुवा." भाईसाहबांनी निमूट धुतले. कलेक्टरला भर सभेत सुनावणारा माणूस!

काकू म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून भोपाळला आल्या आणि तो गेल्यावरही इथंच राहिल्या, करोंदच्या मंडीमागे, नाल्याकाठच्या वस्तीच्या तोंडाशी. मी त्या वस्तीत संघटनेचं काम करते; जेवायला काकूंकडे. जवाहर चौकातून फिनेलचा कॅन रिक्षात घालून आणायचा आणि गल्लीभर वाटायचा, हा त्यांचा धर्म. शेजारची रज्जो, नवरा गेलेली, आंधळ्या सासूला सांभाळणारी, हसायची, "काकूजी, आपके डर से मेरी बकरी भी पैर पोंछके अंदर आती है." काकूंचं हिंदी शेवटपर्यंत सातारचंच राहिलं. "बकरी को समझता है, तेरे को कब समझेगा?"

मागच्या पावसाळ्यात नाला घरांत शिरला. शहराचं गटार, मंडीतला कुजका कांदा, मेलेली डुकरं, सगळं चुलीपर्यंत. पाणी ओसरलं तशा काकू पदर खोचून गल्लीत उभ्या. आजच्या आज धुवायचं. चिखल ठेवाल तर पोरं हगवणीनं जातील. भिजलेल्या गाद्या, नासलेला गहू, फुगलेली कपाटं उकिरड्यावर गेली. भिंतींना चुना लागला. रज्जोच्या मातीच्या भिंतीला तर काकूंनी स्वतः दोन हात दिले. आणि त्यांचं बरोबर होतं, हे इथंच लिहून टाकते. वस्तीत एकही पोर आजारी पडलं नाही.

पलीकडच्या वस्तीला जग जास्त कळत होतं. त्यांनी चिखल राखला, मेलेली शेळी दारात राखली. पटवारी, म्हणजे इकडचा तलाठी, सरकारी मदतीच्या पंचनाम्याला आला, नाकाला रुमाल लावून सगळं लिहून घेतलं. मग आमच्याकडे वळला. चुन्याच्या भिंती पाहून म्हणाला, "यहाँ तो दिवाली चल रही है."

"साहब, सब सड़ गया," रज्जो म्हणाली.

"सड़ा हुआ दिखाओ."

"फेंक दिया, साहब."

"मतलब था ही नहीं."

मी माझ्या फोनमधले चिखलाचे फोटो पुढे केले. "ये कहाँ का है, क्या पता," म्हणाला. शेवटी काकू पुढे झाल्या. "अहो साहेब, हमने धोया. धोया मतलब गंदा हुआ था ना!"

तो मनापासून हसला. "माताजी, आपको तो सफ़ाई का इनाम मिलना चाहिए." आणि लिहिलं, नुकसान काही नाही. पूर आभाळातून आला होता. हा दरोडा खुर्चीतून आला.

त्याच तिरमिरीत मी पटवाऱ्याविरुद्ध पत्रक लिहिलं. काकूंनी चष्मा लावून ते पुरतं वाचलं.

"यात मी कुठे आहे? धुवायला लावलं मीच ना?"

"काकू, चूक तुमची नाही."

"पत्रक लिहितेस की माझे लाड करतेस?" म्हणाल्या आणि कागद माझ्या अंगावर टाकला.

रज्जोला ती मदत मागच्या भिंतीसाठी हवी होती. पाणी पिऊन भिंत आतून फुगली होती, पण वरून पांढरीशुभ्र. भेग दिसायची सोयच उरली नव्हती. पाऊस संपला, कडक ऊन पडलं आणि एका दुपारी ती वाळता वाळता सासूच्या अंगावर बसली. पटवारी म्हणाला, "बाढ़ तो कब की उतर गई. ये पुरानी दीवार थी." म्हणजे म्हातारी पुरात मेली नाही, असं सरकारदरबारी ठरलं.

अंघोळ घालायला बायका जमल्या. दवाखान्यात आयुष्यभर हेच केलेलं, त्यामुळे काकूंनी कोणी न सांगता बादली उचलली. रज्जोनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. आवाज अजिबात चढवला नाही.

"आप रहने दो, काकूजी. आपने बहुत धो दिया."

दिवाळीआधीच काकू लेकीकडे नाशिकला गेल्या. हबीबगंज स्टेशनवर सोडायला मी गेले होते. 

यंदा नाला पुन्हा शिरला. मी गल्लीत उभी राहून घसा फोडत होते, पंचनामा होईपर्यंत कोणी झाडू उचलायचा नाही! सगळ्यांनी ऐकलं, रज्जोनं सर्वांत आधी. घराघरांत चिखल आंबतोय, पोरं त्यातच झोपताहेत. काल काकूंचा फोन आला, गेल्यापासूनचा पहिलाच.

"पोरं कशी आहेत?"

"तिघांना सलाइन लावलंय, काकू."

"आणि तो साहेब?"

"अजून आला नाही."

 मला वाटलं, आता झापतील. झापलं असतं तर बरं झालं असतं.

"मग एवढ्यात धुवू नका," काकू म्हणाल्या.