महाडची कमान आणि माझा डावा हात

शनिवार, १९ जानेवारी २००८, पहाटे पावणेसहा. सातारा स्टँडच्या बाकावर बसून मी पिशवीतली केळी चौथ्यांदा मोजत होतो. सहा होती. महाडला तलवारबाजीची निवड स्पर्धा होती आणि पहिले चार राज्य स्पर्धेला जाणार होते. पुढच्या वर्षी मी वयात बसणार नव्हतो. दहावीनंतर मी लेथवर काम करतो. दोन दिवसांच्या रजेसाठी मालकाची बोलणी खाल्ली होती.

कुणाला जायचं असेल तर सव्वासहाची गाडी बरी, भाडं अठ्ठ्याहत्तर रुपये. महाबळेश्वर सोडलं की आंबेनळी घाट लागतो. पोट नाजूक असेल तर पुढे बसा, नजर रस्त्यावर ठेवा आणि पोलादपूर येईपर्यंत काही खाऊ नका. दरी सुंदर आहे म्हणतात. मी पाहिली नाही.

महाडला स्टँडजवळ लॉज एकशे वीस रुपयांत मिळाला. खाणावळीत मी मासे नको म्हणालो तर मावशी ताट हातात धरूनच थांबल्या.

“महाडात येऊन नुसता वरणभात? आजारी हायस काय रे?”

“उद्या स्पर्धा आहे.”

“मग तर खायला पायजे.”

पण माझं ठरलेलं असतं. पहिल्या लढतीच्या तीन तास आधी पोहे, तासभर आधी अर्धं केळं, मग मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. वीस मिनिटं दोरीच्या उड्या. शेवटची दहा मिनिटं डोक्यावर टॉवेल घेऊन गप्प बसायचं. रविवारी लढती साडेनऊला होत्या, म्हणून पोहे साडेसहाला खाल्ले. नऊ वीसला टॉवेल डोक्यावर घेतला आणि कुणीतरी तो ओढला.

छातीवर बिल्ला लावलेले आयोजकांचे चिटणीस होते. “पाहुणे येतायत. दोन रांगा करा, तलवारींची कमान करायची. जो उभा राहणार नाय, त्याचं नाव यादीतनं गेलं समजा.”

मी डावखुरा आहे. डाव्या हातात फॉइल, म्हणजे आमची खेळायची बोथट तलवार, उचलली तर ते खेकसले, “फोटोत बरं दिसत नाय ते. उजव्यात धर.”

समोर इम्रान उभा होता. महाडचाच, वडिलांचा टेम्पो चालवतो. मी त्याच्याशी दोनदा खेळलो आणि दोनदा हरलो आहे. आमची पाती एकमेकांना टेकली होती. फॉइल अर्ध्या किलोचीही नसते, पण डोक्यावर धरून बघा. चिटणीस मोबाइल कानाला लावून सांगत होते, पाहुण्यांनी माणगाव सोडलं. हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. कुणी हात खाली घेतला की शिट्टी वाजायची. अंगात जाड जाकीट, प्यायला पाणी नाही.

“सातारकर, हात भरून आलाय काय रे?” इम्रानने हळूच विचारलं.

“थोडा.”

“माझा लय भरलाय.”

एक तास वीस मिनिटांनी पाहुणे आले. कमानीखालून जाताना त्यांनी माझ्या पात्याला बोट लावलं. “ह्यानं भाजी तरी कापेल काय?” सगळे हसले. मग तलवारीच्या इतिहासावर चाळीस मिनिटांचं भाषण झालं. ते खुर्चीत बसले होते तेव्हा आम्ही उभे होतो, आणि ते उभे राहिले तेव्हाही आम्ही उभेच. हात तेवढे खाली घेऊ दिले. खेळाडूंचं नाव भाषणात एकदाही आलं नाही.

लढती सुरू झाल्या तेव्हा पोह्यांचा पत्ता नव्हता. दोन मी कशाबशा काढल्या. तिसरी इम्रानशी, जिंकणारा पहिल्या चारात. त्याचा बचाव मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो दर वेळी अर्ध्या क्षणाने उशिरा येत होता. पातं वर उचललं की टोक आपोआप खाली झुकायचं. त्याचा उजवा हात कमानीत संपला होता. माझाही संपला होता, पण मी खेळतो डाव्याने. पंधरा-आठ. मास्क काढला तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. ज्याला हरवायला मी दोन वर्षं घासलं, त्याला त्यांनी आधीच दमवून माझ्यापुढे उभा केला होता.

संध्याकाळी इम्रान मला स्टँडवर सोडायला आला. माझ्याकडे सुट्टे नव्हते, म्हणून चहा आणि वडापावचे बारा रुपये त्यानेच दिले.

“मी लेखी तक्रार करणार आहे,” मी म्हणालो.

“कर. आणि काय लिवशील? तूच जिंकलास म्हणून?”

मी उरलेला चहा संपवला. तो हसला आणि म्हणाला, “राज्याला तरी नीट खेळ रे. माझ्या वाटणीचं पण.”

तक्रार पाठवली. तीन वेळा वाचून, शुद्धलेखन तपासून. महिन्याने उत्तर म्हणून कमानीचा फोटो आला. त्यात माझा उजवा हात अगदी सरळ आहे. सोबत एक ओळही नव्हती. तुम्ही कुठे स्पर्धेला गेलात तर लढतीची वेळ विचारू नका, उद्घाटनाची विचारा, आणि पोहे त्यावरून ठरवा.

खर्च: एसटी येऊन-जाऊन १५६, लॉज १२०, खाणं ७४, प्रवेश फी ५०. एकूण ४०० रुपये. देणं: इम्रानचे १२ रुपये. ते मनीऑर्डरने पाठवतो आहे. त्याची लढत कशी पाठवायची, ते कळत नाही.