काचेच्या पेटीतला खंदक
ओल्या वाळूचा खारट वास आला की मला आमच्या साताऱ्यातल्या घराचा सोपा आठवतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. माझे सासरे नौदलातून निवृत्त झालेले. त्यांच्या मित्रानं रत्नागिरीहून एस.टी.नं कॅनभर समुद्राचं पाणी आणि वाळूत बीळ करणारा बोटभर मासा आणून दिला होता. सोप्यातल्या काचेच्या पेटीत तो दिवसभर तोंडानं वाळू उचलून बिळाबाहेर थुंकायचा आणि सासरे हसून म्हणायचे, "सूनबाई, बघ गं, खंदक खांदतोय गडी!" त्यांनी काचेवर टिचकी मारली की बिळातून दोन डोळे वर यायचे. शेवटच्या आजारपणात पेटी त्यांच्या खाटेशेजारीच होती. ते गेले, मयत दारातून उचललं, तशा शेजारच्या म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "बायांनो, घरात भरल्यालं पानी ठेवू नगा, समदं वता." हंडे, कळश्या, रांजण, सगळं अंगणात ओतलं. "ह्या पेटीतलं बी?" एकीनं विचारलं. डोळे पुसता पुसता मी म्हणाले, "व्हय, समदंच." दोघींनी पेटी उचलून तिरकी केली. राख सावडून झाल्यावर मी पेटीतली वाळू उपसायला बसले, तर तो अगदी तळाशी, काचेला तोंड लावून पडलेला. पाण्यासाठी खणता येईल तेवढं त्यानं खणलं होतं. मी पदरात तोंड खुपसून रडले. बायका म्हणाल्या, सासऱ्यावर लय माया गं हिची. इतकी वर्षं झाली, मी अजून कुणालाच खरं सांगितलेलं नाही.